डाग दाखव

कापडावर खोटा डाग पाडायचा असेल तर नुसती हळद वापरू नये. हा धडा मी पंचेचाळिशी उलटल्यावर, स्वतःच्या स्वयंपाकघरात, बायकोच्या देखत शिकलो.

नाताळ जवळ आला होता आणि समोरच्या घरातली आंटी आमच्या बिल्डिंगचा जिना चढायला लागली आहे, अशी बातमी खालच्या मजल्यावरून वर आली होती. आदल्या नाताळात तिने आम्हाला पातेलं धरायच्या फडक्यांची जोडी शिवून दिली होती. फडकी म्हणायला जीभ रेटत नाही अशी ती फडकी. जाड, पदरावर पदर घालून शिवलेली, कडेला लाल गोट आणि मधोमध पांढऱ्या दोऱ्याने भरलेला एक तारा. अशी वस्तू वापरायची नसते, हे आमच्या घरात मला लहानपणापासून शिकवलेलं. आमच्याकडे चांगले टॉवेल पाहुण्यांसाठी, चांगले कप त्याहून चांगल्या पाहुण्यांसाठी, आणि एक डिनर सेट तर असा होता की त्याच्या लायकीचा पाहुणा अजून जन्मालाच आलेला नव्हता. तेव्हा ती जोडी मी कपाटात इस्त्रीच्या शर्टांखाली ठेवून दिली. बायको म्हणायची, "अरे, हात भाजतात माझे." मी म्हणायचो, "माझा जुना गंजीफ्रॉक आहे की."

आणि आता आंटी तपासायला येत होती. मी जोडी काढली, एका फडक्यावर चिमूटभर हळद टाकली, पाण्याचा हात लावून चोळली आणि दोन्ही फडकी ओट्यावर सहज पडल्यासारखी टाकली. आंटी आली, खुर्ची ओढून बसली, आणि चहा विचारायच्या आत म्हणाली, "डाग दाखव."

मी दाखवला. तिने फडकं नाकाशी नेलं.

"काय सांडलं होतं?"

"आमटी."

"कसली?"

"तुरीची."

"तेल नाही, मोहरी नाही, कोकम नाही. कोरडी आमटी खाता काय तुम्ही?" तिने दुसरं फडकं उलटंसुलटं केलं. "आणि हे कोरं. पातेलं एकाच हाताने उचलतोस? दुसरा हात काय, खिशात?"

बायको तोंड भिंतीकडे करून डबे पुसत होती. तिचे खांदे हलत होते. आंटी माझ्याशी बोलायचीच बंद झाली आणि त्या खांद्यांना म्हणाली, "मना उल्लू समजतो हा." 'मला'चं 'मना' व्हायचं तिच्या तोंडात, तिच्या घरची मराठी तशी होती. आता मी नोकरी कसली करतो तेही सांगून टाकतो. मी विम्याचे दावे तपासतो. खोटा दावा मी कागदाच्या वासावरून ओळखतो, असं ऑफिसात माझं नाव आहे.

जोडी तिने परत नेली. दिलेली भेट परत नेणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. मला राग आला, तो काही दिवसांत ओसरलाही असता, पण त्याला पुरवणी मिळाली. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या चहावाल्याने किटली उचलली ती माझ्या फडक्याने. लाल गोट, पांढरा तारा, सगळं तेच. वर मला म्हणाला, "साब, आंटीने दिया. बोली, तेरे काम का है." पुढे वर्षभर मी रोज तिथे चहा प्यायलो आणि माझा तारा रोज थोडा थोडा काळा होताना पाहिला.

आंटीचं नाव मी सांगत नाही. वाडीतल्या कोणालाच ते नीट माहीत नव्हतं. पोस्टमनसुद्धा आंटीच म्हणायचा. आमच्या बिल्डिंगसमोर लाकडी जिन्याचं, पुढे ओटी असलेलं जुनं घर, त्याच्या तळमजल्यावर ती एकटी राहायची. ख्रिस्ती, पण इथलीच, आमच्याही आधीपासूनची. परळच्या एका मोठ्या इस्पितळात चादरी आणि गाउन शिवायच्या, सांधायच्या खात्यात तिची सगळी नोकरी गेली. गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा फ्रॉक, त्याला तिनेच लावलेले दोन मोठाले खिसे. एका खिशात कात्री, दुसऱ्यात दोऱ्याचं रीळ आणि खोकल्याच्या गोळ्या. गोळी तोंडात असली की समजायचं, आंटी आज कोणावर तरी चिडली आहे. गोळी रोज तोंडात असायची.

काय काय गोष्टींवर ती चिडायची म्हणून सांगू. प्लास्टिकच्या पिशवीवर. बटण तुटलं म्हणून शर्ट टाकून देणाऱ्यावर. भेटवस्तूच्या चमकत्या कागदावर. "आतल्या मालाची लाज वाटते म्हणून गुंडाळतात," म्हणायची. पण सगळ्यात जास्त कशावर, तर आभारावर. कोणी "आंटी, थँक्यू हं, किती सुंदर आहे," म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "सुंदर आहे तर काय पूजा करणार? वापर."

गणपती संपले की तिचं मशीन सुरू व्हायचं. पायाने चालवायचं जुनं मशीन, त्याचा आवाज ओटीवरून आमच्या गॅलरीत यायचा आणि आम्हाला कळायचं की नाताळाची शिलाई बसली. काळबादेवीतून गठ्ठ्याने आणलेले कापडाचे तुकडे, मांजरपाट, जुन्या पडद्यांच्या पट्ट्या. अख्ख्या वाडीला आणि आजूबाजूच्या दोन-तीन बिल्डिंगांना नाताळाची भेट तिच्याकडून जायची आणि प्रत्येक घराला वेगळी. तिच्या घरावरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहायचे. त्यांना पहाटे उठून खुर्ची सरकवत सरकवत घरभर फिरायची सवय होती. त्यांना एका नाताळात लोकरीचे छोटे मोजे मिळाले. गृहस्थ गहिवरले. दोन दिवसांनी तक्रार घेऊन खाली आले, "आंटी, नातवाला होत नाहीत हो."

"नातवाला कसे होतील? खुर्चीच्या पायांना घाला."

आमच्या मजल्यावरच्या भजनी मंडळाला टाळ ठेवायची पिशवी मिळाली, प्रत्येक टाळाला आत वेगळा कप्पा, कारण ती मंडळी टाळ एकत्र पोत्यात टाकून दुपारच्या झोपेच्या वेळी जिन्यावरून खणखणत न्यायची. भेट म्हणावी तर भेट, तक्रार म्हणावी तर तक्रार. टाके मात्र असे की तक्रारीवरसुद्धा माणूस हात फिरवत बसावा.

आणि मग डिसेंबर लागला की नवीन भेट द्यायच्या आधी जुनीची तपासणी. डाग दाखव. उसवलेलं दाखव. जळलेलं दाखव. जिथे कापड विरलेलं असेल ते घर पास. ते कापड ती घेऊन जायची, रफू करून, पट्टी लावून आणून द्यायची, आणि सोबत नवीन भेट. जिथे वस्तू जशीच्या तशी निघाली ते घर नापास. वस्तू जप्त. वाडीतल्या बायका वैतागायच्या. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून फडकी हुंगायची ही कुठली पद्धत, असं मीही गॅलरीत उभा राहून, आवाज चढवून, ती वाडीच्या टोकाला गेल्याची खात्री करून बोललो आहे.

आम्ही नापास झालो त्याच्या पुढच्या वर्षी मी गिरणीवर दळण टाकायला निघालो होतो. गहू प्लास्टिकच्या पिशवीत. जिन्याच्या वळणावर पिशवीचा बंद तुटला आणि गहू पायऱ्यापायऱ्यांवरून थेट खाली, आंटीच्या चपलांपर्यंत. ती तेव्हाच वर येत होती. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. त्या नाताळात बायकोच्या हातात दळणाची पिशवी आली. बाहेरून निळ्या पट्ट्यांचं जाड कापड, आतून पीठ गळू नये म्हणून मांजरपाटाचं अस्तर, तोंडाला नाडी, खांद्यावर टाकायला रुंद पट्टा. माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाली, "ही तुझी. ह्याच्या कपाटाला दाखवू नको."

बायकोचं आणि तिचं जमायचं. दिवेलागणीच्या आधी बायको ओटीवर जाऊन तिला सुया ओवून द्यायची, कारण आंटीचे डोळे हळूहळू जात होते. मोतीबिंदू नव्हे, पडद्याचं काहीतरी होतं आणि त्याला इलाज नव्हता. एकदा मीही गेलो होतो, ओटीच्या पायरीवर बसलो होतो. बायकोने विचारलं, "आंटी, न वापरल्याचा एवढा राग का हो?"

आंटीने मशीन थांबवलं.

"माझ्या मायने एक टेबलाचा कपडा भरला होता. सगळा पांढरा, कडेला द्राक्षांचे घड. पेटीत ठेवला. चांगल्या दिवसाला काढू, म्हणायची. भावाचं लगीन झालं, काढला नाही. त्याच्या पोराचं बारसं झालं, काढला नाही. अजून चांगला दिवस येईल, म्हणायची. मग माय गेली. लोक आले घरात. मी म्हटलं, आज तरी काढू, तिच्यासाठी. पेटीतून काढला, उघडला, तर घडीघडीवर फाटला. चौकोन चौकोन हातात आला माझ्या. पाव तोडतात ना, तसा." तिने पुन्हा पाय चालवला. "मेलेल्या बाईवर काय रागवायचं. पण मी रागावली. कापड वापरून फाटत नाही रे. घडी घालून फाटतं."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. मी पायरीवर बसल्या बसल्या खाली बघितलं.

मग एक वर्ष असं आलं की गणपती गेले, दिवाळी गेली, आणि मशीन वाजलं नाही. डिसेंबरात आंटी काठी टेकत घरोघर आली. "या वर्षी नवीन काही नाही. यापुढेही नाही. जुनं आहे तेवढंच दाखवा." डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. ती कापड हातात घ्यायची, बोटांनी टाके मोजल्यासारखी कडेवरून फिरायची, जिथे विरलं असेल तिथे थांबायची आणि नाकाशी न्यायची. आमच्या दळणाच्या पिशवीत तिने अख्खा हात कोपरापर्यंत घातला, अस्तर चाचपलं, पिठाने पांढरा झालेला हात बाहेर काढला आणि फ्रॉकला पुसला. "पास," म्हणाली. तिला दिसत नव्हतं, तिला शिवता येत नव्हतं. घरोघरच्या ओट्यांवर पडलेलं तेवढंच आता तिचं होतं, आणि ते तिला हातांनीच बघायचं होतं. एवढं सगळ्यांना कळत होतं. निदान कळायला हवं होतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो, कारण मला त्याचा अजून राग आहे.

हल्ली नाताळात आमच्या वाडीत बाहेरची माणसं येतात. तारे, रोषणाई, लाकडी जिने, सगळ्याचे फोटो काढतात, ओटीवर न विचारता बसतात आणि आपापले व्हिडिओ करतात. ते बघून वाडीच्या उत्सव समितीच्या सेक्रेटरीला, जो जाहिरातीच्या धंद्यात आहे, एक कल्पना सुचली. आंटीच्या वस्तूंचं प्रदर्शन. आंटीचा सत्कार. ग्रुपवर निरोप आला: सर्वांनी आपापल्याकडील वस्तू स्वच्छ धुऊन, इस्त्री करून समितीकडे जमा कराव्यात.

"स्वच्छ धुऊन," बायकोने मोठ्याने वाचलं आणि फोन मला परत दिला. "त्याला सांग, आमची पिशवी मिळणार नाही. उद्या दळण आणायचंय."

"अगं, एक दिवसाचा प्रश्न आहे. सत्कार आहे तिचा."

"मग गहू कशात नेणार आहेस? तुझ्या कौतुकात?"

पिशवी गेली नाही. मी मात्र गेलो, झब्बा घालून, दुसऱ्या रांगेत. वाडीच्या हॉलमध्ये भिंतीभर काचेच्या चौकटी लावल्या होत्या. आत आंटीची ताटझाकणं, अभ्रे, फडकी, टाळांची पिशवी, खुर्चीचे मोजेसुद्धा. वर पिवळे दिवे, खाली छापलेल्या पट्ट्या: आपला वारसा, जपू या. एकाही कापडावर डाग नव्हता. काहींनी तर लॉन्ड्रीत देऊन, ब्लीच करून आणली होती. इतकी वर्षं ती बाई ज्याच्यासाठी जिने चढली, ते आमच्या शहाण्या लोकांनी एका आठवड्यात धुऊन काढलं होतं आणि वर अभिमानाने इस्त्री फिरवली होती.

आंटीला पुढे बसवलं. शाल, नारळ. सेक्रेटरी बोलला, पाहुणे बोलले, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग सेक्रेटरी तिला हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेला. "बघा आंटी, सगळं आहे इथे."

तिने हात पुढे केला. बोटं काचेला लागली. तिने हात सरकवला, पुन्हा काच. पुढच्या चौकटीवर, पुन्हा काच.

"काय आहे हे?"

"तुमचं ताटझाकण आहे, आंटी. ते मोराचं."

"कुठंय?"

"आत आहे. काचेच्या आत."

"उघड."

"नाही उघडता येणार, आंटी. मागून सील केलंय. धूळ जायला नको म्हणून."

तिच्या तोंडात त्या दिवशी गोळी नव्हती; समारंभ म्हणून काढून ठेवली असावी. "मना काचेला हात लावायला बोलावलं तू?" ती ओरडली नाही. पण हॉलमधले फोन हळूहळू खाली आले. सेक्रेटरी हसून पाहुण्यांकडे बघत राहिला. मी काय केलं? मी दुसऱ्या रांगेत अर्धवट उठून, उभं राहावं की बसावं अशा स्थितीत, झब्ब्याची सुरकुती नीट केली.

बायको उठली. तिने भिंतीवरून मोराची चौकट उतरवली, पालथी करून टेबलावर ठेवली आणि आंटीच्या खिशातली कात्री मागितली.

"वहिनी, अहो, ते भाड्याचं आहे," सेक्रेटरी म्हणाला.

"मग भाडं भरशीलच ना," असं म्हणून तिने मागचा पुठ्ठा कापला आणि ताटझाकण आंटीच्या हातात दिलं.

आंटीने ते चाचपलं. नाकाशी नेलं. खूप वेळ तिथेच धरलं. मग टेबलावर ठेवलं, परक्याची वस्तू ठेवावी तसं. "धुतलं," म्हणाली. "कोणी धुतलं?" ज्यांचं होतं त्या बाई शेवटच्या रांगेत पदर सारखा करत होत्या.

तेवढ्यात मागच्या दाराने कोपऱ्यावरचा चहावाला किटली घेऊन आत आला. पाहुण्यांचा चहा त्याच्याकडे सांगितला होता. ही शांतता बघून तो दारातच थांबला. सेक्रेटरीला सुटका दिसली. "आंटी, आधी चहा घेऊ या, चला." चहावाला पुढे झाला, किटली टेबलावर टेकवली, आणि हातातलं फडकं झटकन पाठीमागे लपवलं.

पण आंटीच्या नाकाला त्याचा वास लागला होता. "हातात काय आहे तुझ्या?"

"कुछ नहीं, आंटी. गंदा है."

"दे."

त्याने दिलं. ते फडकं आता कशाच्याही रंगाचं नव्हतं. धुराचा, दुधाचा, चहाच्या पत्तीचा, रॉकेलचा, सगळ्याचा थर. एक कोपरा जळून गेलेला, त्यावर आंटीनेच कधीतरी लावलेली पट्टी, आणि ती पट्टीही पुन्हा जळलेली. आंटीची बोटं मधोमध गेली आणि तिथे थांबली. काजळीखाली, भरलेल्या दोऱ्याचा उंचवटा होता. तिने तारा हुडकला, एक एक टोक, सावकाश. मग ते काळं फडकं तिने सत्काराच्या नव्या फ्रॉकवर, मांडीवर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसली.

"हे आहे माझं," म्हणाली. "बाकीचं तुमचं तुम्ही ठेवा." आणि मग, बरोबर माझ्या दिशेला तोंड वळवून, "हे ह्या हळदवाल्याचं होतं."

लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. पण ती हसत नव्हती, आणि तिची बोटं त्या ताऱ्यावरून उठत नव्हती. चहावाला किटली गरम असल्यामुळे फडक्याची वाट बघत तसाच उभा राहिला. शेवटी बायकोने पदराने किटली धरली आणि सगळ्यांना चहा ओतला.

शाल आंटी खुर्चीवरच विसरली. समितीने तिची नीट घडी करून ती परत प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पुढच्या सत्कारासाठी. चौकटी समितीने शेवटी विकत घेतल्या, त्या अजून हॉलमध्ये आहेत. नाताळात लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. काचेवर धूळ बसली आहे, ती कोणी पुसत नाही, कारण पुसायला फडकं नसतं. सगळी फडकी आत आहेत.

पुढच्या पावसाळ्यात आंटी गेली. चहावाल्याने तो दिवस टपरी बंद ठेवली. आंटीने त्याच संध्याकाळी परत दिलेलं फडकं त्याने अजून सोडलेलं नाही, मी एकदा नवीन घेऊन गेलो होतो अदलाबदली करायला, तर म्हणाला, "साब, आपका तो चांस हो गया."

आता एवढा सगळा राग राग करून झाल्यावर, एवढं सगळं त्या कापडांविषयी समजल्यावर, मी काय केलं असेल? आंटी गेल्यावर मी घरी आलो, दळणाची पिशवी रिकामी केली, स्वतःच्या हाताने धुतली, वाळवली, नीट घडी घातली, दोन डांबराच्या गोळ्या आत टाकल्या आणि बायकोच्या पैठणीखाली ठेवून दिली. आठवण म्हणून. वस्तू राहायला हवी, असं मला मनापासून वाटलं. बायको विचारत राहिली, "पिशवी कुठंय?" मी म्हणत राहिलो, "असेल कुठेतरी." आणि रविवारी गहू घेऊन निघालो, प्लास्टिकच्या पिशवीत.

जिन्याचं तेच वळण. बंद तुटला. गहू पायऱ्यापायऱ्यांवरून तळमजल्यापर्यंत गेला आणि या वेळी तिथे कोणाच्या चपला नव्हत्या. मी खाली बघत उभा राहिलो.

वर दार उघडलं. बायको आली, तिने जिना बघितला, मला बघितलं, आणि आत गेली. मला कपाटाचा आवाज ऐकू आला. परत आली तेव्हा तिच्या हातात निळ्या पट्ट्यांची पिशवी होती. तिने ती नाकाशी नेली, आत हात घालून दोन्ही गोळ्या काढल्या, आणि खाली बसून गहू भरायला लागली. मीही बसलो. बऱ्याच पायऱ्या झाल्यावर, मान वर न करता म्हणाली, "महिनाभर पोळ्यांना डांबराचा वास येणार. मुकाट्याने खायच्या. आठवण हवी होती ना तुला तिची?"